बेसबॉलची माती

माणसाला आयुष्यात काय व्हायचंय हे विचारायचा मला पगार मिळत नाही. कुवेतमध्ये, खैतानला एका टायपिंगच्या दुकानात मी बसतो. समोरच्याचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, हातात घ्यायचा आणि सरकारी फॉर्मचे अरबी रकाने भरायचे, एवढंच माझं काम. नाव, बापाचं नाव, देश, धंदा. तेवीस वर्षं झाली. धंद्याचा रकाना आला की बहुतेक लोक म्हणतात, "काय पण टाका गणपतदादा, व्हिसा झाला म्हणजे झालं." म्हणून शत्रुघ्न रांबाडे पहिल्यांदा काउंटरसमोर उभा राहून म्हणाला की एका नोकरीसाठी इंग्रजी पत्र लिहून द्या, आणि ती सोडून मला दुसरी नकोच, तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं.

वय चोवीस-पंचवीस. लांज्याकडचा, हडकुळा, अंगात क्लीनिंग कंपनीचा हिरवा ड्रेस. शिफ्टवरून थेट आला होता, डोळे लाल होते.

"कसली नोकरी?" मी विचारलं.

"बेसबॉलच्या मैदानाची."

"खेळणार आहेस?"

"नाय ओ दादा. माती बगायची."

मी हसलो. वाईट हसलो, आता कबूल करतो. माती बघायची होती तर लांजा कशाला सोडलास, असंही बोलून गेलो. तो हसला नाही, रागावलाही नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तुमी लिवा, मी सांगतो."

त्याची हकीकत अशी. सहा महिन्यांपूर्वी एजंटामार्फत तो क्लीनिंग कंपनीत आला. लग्नाला चार महिने झाले होते, बायको मुक्ता आईजवळ गावी. कंपनीने त्याला मंगफच्या पलीकडे एका मोठ्या परदेशी शाळेत झाडू मारायला पाठवलं. त्या शाळेच्या मागे बेसबॉलचं मैदान आहे. अमेरिकन, कोरियन, जपानी, कुवेती, सगळ्यांची पोरं तिथे खेळतात, आणि हा प्रेक्षकांच्या बाकांखालचे पाण्याचे कप गोळा करायचा. कप गोळा करता करता खेळ बघायला लागला. आपल्याकडे क्रिकेटचं वेड घरटी एक असतंच, पण बेसबॉलचं वेड घेतलेला लांजा तालुक्यातला माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

आमच्या खैतानच्या मेसमध्ये सगळे कोकणातलेच. सुतार, प्लंबर, एसीवाले. जेवताना टीव्हीवर क्रिकेट चालू असायचं, आणि हा बाजूला बसून डाळीत बोट बुडवून ताटाच्या कडेला चौकोन काढून दाखवायचा. हा पहिला बेस, हा दुसरा, असा पळत पळत घरी यायचं. लोक म्हणायचे, "शत्र्या, चार दिशेला पळून परत तिथंच यायचं, त्यापेक्षा आमची कंपनीची बस काय वाईट?" अमेरिकेतल्या मॅचेस इथे पहाटे दिसतात. कंपनीची बस साडेचारला. त्यामुळे हा बसच्या वाटेवर फोन डोळ्यांना लावून उभा असायचा, आणि माझ्या दुकानातले फुकट गेलेले फॉर्म नेऊन त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोण किती बेस पळाला ते लिहून ठेवायचा. टीम तरी कुठली धरावी? जी सगळ्यांत तळाला होती ती. मी विचारलं, का रे? म्हणाला, "सुरुवातीला कळलाच नाय ती हरते म्हून. मग सोडवना."

मैदानाची माती सांभाळायला तिथे यूसुफ नावाचा एक म्हातारा इजिप्शियन होता. तो आता मुलाकडे कायमचा परत जाणार होता. शाळा त्याच्या जागी कोणालातरी घेणार, स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या व्हिसावर. ती जागा शत्रुघ्नला हवी होती. कंपनीचा झाडूवाला म्हणून मैदानावर पाय ठेवायचा नव्हता, मैदानाचा माणूस म्हणून ठेवायचा होता. मी पत्र लिहिलं. मला वाटलं, संपलं.

तर तसं नाही झालं. शाळेचा कोच, डेल नावाचा साठीतला अमेरिकन, त्याने याला बोलावलं. ईदच्या सुट्टीत चार दिवस मैदान रिकामं होतं. डेल म्हणाला, यूसुफ गेला, बघू तू काय करतोस ते.

आता पुढे याने जे केलं ते कोकणातला माणूसच करू जाणे. बेसबॉलमध्ये बेसच्या मधली जागा गवताची नसते, तांबूस मातीची असते. उन्हाने ती भेगाळली होती. भेगाळलेली माती बघितल्यावर लांज्याच्या पोराला काय सुचणार? खळं. भात झोडायच्या आधी करतात तसं. याने दोन दिवस पाणी मारलं, एक फळी मिळवून तिचं चोपणं केलं, आणि गुडघ्यावर बसून सबंध जागा चोपून काढली. सुलैबियाच्या गोठ्यांवर याच्या गावचा एकजण दूध काढायला आहे. त्याच्याकडून चार बादल्या शेण आणलं, काला केला आणि उभ्याआडव्या हाताने असं सारवलं की मला फोटो दाखवला तेव्हा माझ्यासुद्धा डोळ्यांसमोर आमचं अंगण आलं. सुरेख केलं होतं. खोटं का बोलू?

पहिल्याच मॅचला एक पोरगा पळत आला आणि दुसऱ्या बेसवर पोटावर घसरला. या खेळात तसं घसरावंच लागतं. तो उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत हिरवट झाला होता, आणि दोन्ही कोपरं सिमेंटवर घासल्यासारखी सोलली होती. डेलने खाली वाकून माती बोटाला लावली, वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे? आणि आमचा शहाणा, मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काऊ."

त्या पोराची आई त्याला गाडीत घ्यायला तयार होईना. पाइपाखाली उभं करून धुवून काढला म्हणे. दुसऱ्या दिवशी शाळेने कंपनीला कळवलं, हा माणूस मैदानावर नको. कंपनीने त्याला एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये टाकलं.

दोन दिवस तो मेसमध्ये जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. मी झाडलाच त्याला. म्हटलं, "अरे, तुझ्या आईला जे अंगण वाटतं ते त्यांना गोठा वाटणार. एवढी अक्कल नको?"

"व्हय," तो म्हणाला. "पन शेणाचा जाऊ द्या. चूक ती नाय. माती कडक केली ही चूक. खळ्यात दाना उडायला पायजे, हितं पोरगा घसरायला पायजे. खालनं घट्ट आनि वरनं सुटी. मना ता कळलाच नाय." आणि मग म्हणाला, "दुसरा पत्र लिवा. त्यात लिवा, शेण मी घातला. कंपनीचा दोष नाय. माजी चूक काय झाली ती पन लिवा."

तेवीस वर्षांत अर्जात स्वतःची चूक लिहायला सांगणारा हा पहिला. मी म्हटलं, असलं कोणी लिहितं का, गाढवपणा करू नकोस. तो ऐकेना. लिहिलं.

उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी तिसरं लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं, की तुमचा अर्ज आमच्याकडे ठेवला आहे. मी रोज असली उत्तरं वाचतो, मला त्यांचा अर्थ माहीत आहे. त्याला सांगितला नाही.

तळघरातलं पार्किंग म्हणजे काय असतं ते मी एकदा बघून आलो. बारा तास गाड्यांचा धूर, वर पिवळे दिवे, कुठल्या वेळी गेलं तरी संध्याकाळच. तिथून आल्यावर माणूस आडवा होतो, दुसरं काही सुचत नाही. हा आडवा व्हायचा नाही. कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर याने कपडे धुवायचे सहा टब मांडले होते. कुठून कुठून माती आणलेली. एकात वाळू जास्त, एकात चिकणमाती जास्त, एकात मीठ घालून बघितलेलं. रोज पाणी मारायचा, सुकू द्यायचा, पातेल्याच्या बुडाने दाबायचा, आणि पँट वर करून स्वतःचा गुडघा त्यावर घासून बघायचा. मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने गुडघे दाखवले. एकावर एक खपल्या होत्या. मला तेव्हा त्याचा राग आला. कशासाठी एवढं? कोण विचारणार आहे याला? पण चौथं पत्र मी निमूटपणे लिहिलं, फक्त दमलो होतो म्हणून त्याने सांगितलेल्यातलं निम्मं गाळलं. ते त्याला आजही माहीत नाही.

सुट्टीच्या शुक्रवारी दोन बस बदलून तो शाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहायचा. जाळीतून मॅच बघायचा, त्याहून जास्त माती बघायचा. यूसुफची जागा शाळेने भरलीच नव्हती. कंपनीचा कोणीही हाताला लागेल तो झाडूवाला दाताळं फिरवून जायचा. शत्रुघ्न येऊन मला सांगायचा, "आज पन पानी जास्त घातलान." एखाद्याच्या घरी आजारी माणूस असावं आणि औषध चुकतंय हे दिसावं, तसं त्याचं तोंड झालेलं असायचं.

वर्षभराने कंपनीत माणसांची अदलाबदल झाली आणि हा फिरून त्याच शाळेत आला. यावेळी आत, वर्गांच्या मजल्यावर. सुपरवायझरची ताकीद होती की मैदानाकडे फिरकायचं नाही. पाचवं पत्र त्या महिन्यात गेलं.

मार्चमध्ये ते वादळ झालं. बुधवारी दुपारी आकाश तांबडं झालं आणि रात्रभर धूळ पडत राहिली. आमच्या दुकानात कीबोर्डच्या फटीतसुद्धा धूळ गेली होती. गुरुवारी सकाळी शाळेच्या मैदानावर वीतभर पिठासारखी धूळ बसलेली, आणि शुक्रवारपासून दोन दिवसांची स्पर्धा. बहरीनहून, दुबईहून, दम्मामहून पोरं येऊन हॉटेलात उतरलेली. शत्रुघ्न पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात मॉप मारत होता. खिडकीतून त्याने बघितलं, डेल एकटाच खाली पाइप ओढत चाललाय. धुळीवर पाणी मारणार होता.

याने मॉप तिथेच टाकला आणि जिना उतरून पळत सुटला. "नो वॉटर सर! नो वॉटर!"

डेलने त्याला ओळखलं. म्हणाला, तू तो गाईवाला. शत्रुघ्नने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की या धुळीवर पाणी पडलं तर लोणी होईल आणि खालची मातीपण जाईल. आधी कोरडीच काढायची. डेलने पाइप खाली ठेवला. त्या माणसाचं एक मला आवडलं, त्याने वाद घातला नाही.

दिवसभर दोघांनी फळ्या ओढून धूळ काढली. मग मूळ मातीवर हलकं पाणी, मग दाबायचं, मग वरचा थर सुटा करायचा. साडेतीनला कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. काम अर्ध्यावर होतं. शत्रुघ्नने जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की मी थांबतो, मुक्कामावर कळव. ड्रायव्हरने मान हलवली. रात्री मुक्कामावर गिनती झाली तेव्हा मात्र ड्रायव्हर म्हणाला, तो मला भेटलाच नाही. माणूस मागे ठेवून बस आणली असं कबूल केलं असतं तर त्याच्यावरच बालंट आलं असतं. शत्रुघ्नच्या फोनमध्ये धूळ जाऊन तो बंद पडलेला. तो बॅट ठेवायच्या खोलीत झोपला. शुक्रवारी दिवसभर मॅचेस, प्रत्येक मॅचनंतर माती परत बसवायची. शुक्रवारी रात्रीही तिथेच झोपला. इकडे गिनतीत दोन रात्री माणूस कमी.

शनिवारी सकाळी दुकान उघडतोय तोच ओवैस आला. ओवैस त्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांची कामं करणारा माणूस. म्हसळ्याचा. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांचा चहा पितोय. त्याने कागद पुढे सरकवला. "गणपतभाय, एक गायबचा रिपोर्ट हाय. मुदीर बोलला, आजच चडवा."

मुदीर म्हणजे कंपनीचा मॅनेजर, आणि गायबचा रिपोर्ट म्हणजे माणूस कामावरून पळाला अशी कंपनीने सरकारला दिलेली खबर. ती एकदा सिस्टिमवर चढली की त्या माणसाचा व्हिसा गोठतो. पोलिसाने बताका तपासला की उचलतात, बोटांचे ठसे घेतात आणि विमानात बसवतात. परत येण्याचं नाव नको. कागदावर नाव होतं शत्रुघ्न रांबाडे.

असले रिपोर्ट मी किती टाइप केलेत, मोजलेले नाहीत. नंबर घालायचा, तारीख घालायची, बटण दाबायचं. त्यातला प्रत्येकजण कोणीतरी होताच. पण त्यांची पत्रं मी लिहिली नव्हती.

"अरे ओवैस, हा पळणारा नव्हे," मी म्हटलं.

"मना काय हौस हाय? मुदीर बसलाय डोक्यावर."

मी कंप्युटर चालू केला. सावकाश केला. अरबीत नाव चुकीचं टाइप केलं, खोडलं, परत चुकवलं. पोऱ्या नसल्याने चहा सांगायला स्वतः उठून गेलो, आणि असल्या वादळानंतर हा मैदान सोडून कुठे असणार, म्हणून गल्लीत उभं राहून डेलला फोनवर मेसेज लिहिला. पाच पत्रांवर त्याचं नाव-नंबर घातल्यामुळे तो मला पाठ झाला होता. लिहिलं, तुमच्या मैदानावर जो माणूस आहे तो पळून गेला असं आज दुपारच्या आत सरकारदरबारी लागणार आहे. त्याला घेऊन खैतानला या. दुकानाचा पत्ता दिला.

परत येऊन बसलो. फॉर्म उघडला. टेबलाखाली पायाने इंटरनेटची वायर ओढली.

"सिस्टिम गेली," मी म्हटलं.

ओवैसने स्क्रीनकडे बघितलं. मग खाली वाकला. वायर बघितली, माझा पाय बघितला. सरळ होऊन खुर्चीत टेकला. मुदीरचा फोन आला, तो त्याने उचलला आणि हिंदीत म्हणाला, "सर, सिस्टिम डाउन है, पूरे खैतान में." फोन ठेवून मला म्हणाला, "अजून एक चा मागवा. आनि काय ता लवकर करा, मना पन पोरांची फी भरायची हाय."

पाऊण तास आम्ही त्याच्या मुलीच्या, असमाच्या कॉलेजबद्दल बोललो. एकही शब्द माझ्या लक्षात नाही.

मग गल्लीत पांढरी पिकअप येऊन उभी राहिली. डेल उतरला आणि दुसऱ्या बाजूने शत्रुघ्न. भुवयांपासून बुटांपर्यंत मातीने भरलेला. त्याला काही माहीत नव्हतं. ओवैसला बघून त्याने सलाम केला आणि विचारलं, "तुमी हितं कसे?"

ओवैसने कागद घेतला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. म्हणाला, "मानूस समोर उबा हाय, गायब कुटला?" मग मात्र याच्यावर असा ओरडला की शेजारचा मोबाइलवाला बघायला आला.

डेलने मला विचारलं, पत्रं तुम्ही लिहिता का? म्हणाला, पाचही माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. शेणाचं कबूल केलेलं पत्र मी शाळेच्या व्यवस्थापनाला तीनदा दाखवलं. ते दरवेळी म्हणाले, झाडूवाला करतोय ते ठीक आहे. काल त्यांनी मैदान बघितलं. आता सांगा, हा माणूस आम्हाला हवा असेल तर काय करावं लागेल?

"रिलीज," ओवैस म्हणाला.

म्हणजे कंपनीने सोडायला हवं. मुदीरने सोडलं नाही. तीन वर्षांचा करार पुरा होईपर्यंत नाही म्हणाला, आणि याला परत तळघरात पाठवलं. तीन वर्षं भरायला अजून सव्वा वर्ष होतं. मधे त्याची घरी जायची रजा आली. रजेवर गेला असता तर कंपनीने मागे व्हिसाच रद्द केला नसता कशावरून? ओवैसने आडून तसं सुचवलंही होतं. तो गेला नाही. मुक्ता नऊ दिवस फोनवर बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "कर बाबा एकदाचा. पन फोटो पाटवशील तर नुस्ती माती नको, तुजा तोंड पन दिसूदे."

त्या सव्वा वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही, आणि तेच त्यातलं खरं. पिवळे दिवे, धूर, साडेचारची बस. मेसमध्ये तो ताटावर चौकोन काढेनासा झाला. दर महिन्याला शाळेला एक ओळ लिहायचा, मी अजून आहे. डेल एक ओळ लिहायचा, जागा अजून आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात तो इतका वाळला की मी त्याला म्हटलं, सोड, परत जा, काही अडलेलं नाही. तो म्हणाला, "दादा, आता थकायलापन टायम नाय." चिडून नाही, सहज म्हणाला.

करार संपला त्या दिवशी ओवैस स्वतः रिलीजचा कागद घेऊन आला. मी शाळेचं नाव घातलं. धंद्याच्या रकान्यात यादी उघडली, वरून खाली बघत गेलो, आणि जे त्यातल्या त्यात जवळचं होतं ते निवडलं. बटण दाबलं. शत्रुघ्न काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मला आनंद झाला आणि त्याचा हेवाही वाटला. लपवण्यात काय अर्थ आहे? दोन वर्षांसाठी म्हणून आलेला माणूस मी, तेवीस वर्षांत मला एकही नोकरी हवी अशी वाटली नव्हती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्याने मला मैदान बघायला बोलावलं. गेलो. थंडी होती, ऊन कोवळं. माती ओलसर तांबडी, कडांना चुन्याच्या सरळ रेघा. मला त्यातलं काय कळणार, पण नजर हलेना. त्याने मला बाकावर बसवलं, चहा दिला, मॅच सुरू झाली. हा पहिला चेंडू कसा, त्याला काय म्हणतात, असं सांगायला लागला. सांगता सांगता थांबला. बघतो तर झोपला होता. हनुवटी छातीवर, पाय लांब, हात मांडीवर उघडे.

मी घाबरलो. कामावर झोपलेल्या माणसाचं काय होतं ते मी आयुष्यभर बघितलंय. फोटो काढतात, सुपरवायझरच्या ग्रुपवर टाकतात, आणि संध्याकाळी कागद माझ्याकडे येतो. डेल आमच्याकडेच चालत येत होता. मी शत्रुघ्नचा खांदा धरून हलवला, तेवढ्यात डेलने लांबूनच हात वर केला.

जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दोन इनिंग झाल्यावर मातीवरून जाळी ओढायचीय, तेव्हा उठवा. तोपर्यंत झोपू दे. पहाटे चारपासून जागा आहे." आणि गेला.

तोपर्यंत झोपू दे. या देशात एका साहेबाने कामगाराबद्दल असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, आणि जवळ रुमाल नव्हता.

पण दोन इनिंग म्हणजे किती? शेजारी एक कोरियन बाई बसली होती, तिला विचारलं. तिने सांगितलं, एका बाजूचे तीन आऊट, मग दुसऱ्या बाजूचे तीन, म्हणजे एक इनिंग. दोनचे बारा. मी बोटांवर मोजायला लागलो. पोरं पटापट आऊट होत होती. चार. पाच. सहा. शत्रुघ्न मान वाकडी करून घोरायला लागला होता. नऊ झाले तेव्हा मला चुटपुट लागली की फार भराभर चाललंय. दहा. अकरा. मग एक बारीकसं पोरगं बॅट घेऊन आलं, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, बॅट त्याला पेलत नव्हती.

मी पुढे सरकून बसलो आणि मनातल्या मनात त्याला म्हटलं, बाळा, टिक जरा, आऊट होऊ नकोस.